द्विशताब्दी कोणत्या दिवसाची?

वर्षे मोजण्याची हौस मनुष्यजातीला फार जुनी आहे. परंतु कोणती वर्षे मोजावीत आणि ती कोठून मोजावीत, यासंबंधीचे ठोकताळे देशकालानुरूप बदलत आले आहेत. आपल्याकडे साठाव्या वर्षाला मोठे महत्त्व. प्रभव, विभव या नावांनी सुरू होणारे साठ संवत्सरांचे चक्र पुरे होते आणि जन्मकाळचे संवत्सर पुन्हा उगवते. तेवढ्या काळात गुरूच्या सुमारे पाच आणि शनीच्या सुमारे दोन प्रदक्षिणा होतात. म्हणून षष्ट्यब्दीची शांत करावयाची. त्यापुढचा टप्पा सहस्रचंद्रदर्शनाचा. वर्षाच्या बारा पौर्णिमा आणि अधिक मासांच्या जादा पौर्णिमा धरल्या, तर हजारावी पौर्णिमा ऐंशी वर्षे व दहा महिने उलटण्याच्या सुमारास येते. या दोन्ही मोजण्या आकाशाशी बांधलेल्या आहेत. शताब्दीचे तसे नाही. शंभर हा आकडा आकाशात कोठेही लिहिलेला नाही. तो हाताच्या दहा बोटांतून निघाला आहे. पंचवीस, पन्नास व पंचाहत्तर ही त्याचीच पावकी, निमकी व पाऊणकी होय.

रौप्य, सुवर्ण, हीरक ही परिभाषा इंग्रजी अमदानीबरोबर येथे रुळली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव १८८७ मध्ये झाला आणि मुंबईतील एका प्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेच्या नावात त्याची खूण शंभरांहून अधिक वर्षे राहिली. दहा वर्षांनी आलेला हीरकमहोत्सव मात्र पुण्याच्या इतिहासात निराळ्याच कारणाने नोंदला गेला. २२ जून १८९७ च्या रात्री त्या समारंभाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तात होरपळलेल्या शहरावर रोषणाईचा उत्सव लादला गेला, की त्याला असेही उत्तर मिळू शकते! अमृतमहोत्सव हा शब्द मात्र कोणत्याही धातूचा वा रत्नाचा नव्हे. पंचाहत्तराव्या वर्षाला ते नाव आपल्या भाषांनी आपल्या आवडीने दिले आहे.

विद्येच्या क्षेत्रात असे वर्धापन काय घडवू शकते, याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली तो दिवस ६ जुलै १९१७ हा होता. शिष्यांनी आणि चाहत्यांनी शालजोडी व मानपत्र देऊन समाधान मानले असते, तर तो समारंभ आज कोणाच्याही स्मरणात राहिला नसता. त्यांनी त्या दिवशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन केले. दोन वर्षांच्या आत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेण्यात आले, पुढे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याला शिस्त लावली. आणि १९६६ मध्ये तो प्रकल्प पुरा झाल्याचे राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत जाहीर झाले. भांडारकर १९२५ मध्ये निवर्तले, सुकथनकर १९४३ मध्ये. एका वृद्ध पंडिताच्या वाढदिवसातून निघालेले काम त्याच्या पश्चात चाळीस वर्षे चालले. अशा वर्धापनाला समारंभ म्हणण्यापेक्षा पेरणी म्हणणे अधिक योग्य.

व्यक्तीच्या बाबतीत निदान एक सोय असते. तिला जन्मदिवस असतो, मृत्युदिन असतो. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती हिच्या जन्माला पाचशे वर्षे होत असल्याचा सोहळा जबलपुरात २०२३ पासून झाला, तेव्हा ५ ऑक्टोबर १५२४ ही तिथी सर्वांपुढे होती. शास्त्रीय शोधाचे काय करावयाचे? शोध एका क्षणी जन्मत नाही. कोणाच्या तरी दृष्टीस एखादी वस्तू पडते. दुसरा कोणी ती ओळखतो. तिसरा तिला नाव देतो. चौथा ते नाव चुकीचे ठरवितो. यांपैकी कोणता दिवस शोधाचा? हा प्रश्न केवळ वादासाठी काढलेला नाही. जबलपूर शहरापुढे तो लवकरच प्रत्यक्ष उभा राहणार आहे. कारण भारतात डायनोसॉर या प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांचे अवशेष प्रथम सापडले ते या शहरालगतच्या बडा शिमला टेकडीवर, १८२८ मध्ये. २०२८ मध्ये त्या घटनेची द्विशताब्दी येते.

विजयनगरसारख्या अलीकडच्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे नागपूर-पुण्याचे पाहुणे आले, की त्यांना भेडाघाटचे संगमरवरी खडक दाखवितात, धुवांधार दाखवितात, मदनमहालाचा किल्ला दाखवितात. बडा शिमला कोणी दाखवीत नाही. तोफगाड्यांच्या कारखान्याकडील ती एक साधी टेकडी. तिच्याभोवती शहर वाढत गेले आहे. तिच्यात पाहण्यासारखे काय आहे, हे ठाऊक नसले तर तेथे पाहण्यासारखे काहीच नाही.

जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले १८१७ मध्ये. त्यापूर्वी या प्रदेशावर प्रथम सागरच्या मराठ्यांचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. सत्तांतराला दहा-अकरा वर्षे झाली असताना येथे विल्यम हेन्री स्लीमन हा लष्करी पेशाचा मुलकी अधिकारी काम पाहत होता. ठगांचा बीमोड करणारा म्हणून त्याचे नाव इतिहासात आहे आणि कटनीच्या बाजूचे स्लीमनाबाद हे गाव आजही ते नाव बाळगून आहे. त्या काळचे असे अधिकारी फावल्या वेळात बरेच उद्योग करीत. स्लीमन अश्मीभूत लाकूड, म्हणजे दगड बनून गेलेली झाडांची खोडे, शोधीत होता. ती शोधता शोधता त्याला बडा शिमला टेकडीवर हाडे मिळाली. तीही दगड झालेली आणि आकाराने अवाढव्य.

ही गोष्ट कोणत्या काळात घडली, ते ध्यानात घेतले पाहिजे. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड याने मेगॅलोसॉरस या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले १८२४ मध्ये, म्हणजे अवघी चार वर्षे आधी. जगात डायनोसॉरचे झालेले ते पहिले शास्त्रीय वर्णन. ‘डायनोसॉर’ हे नाव तर अजून जन्मालाच यावयाचे होते. रिचर्ड ओवेन याने ते १८४२ मध्ये घडविले. तेव्हा स्लीमनच्या हाती जे आले, त्याला म्हणावयाचे काय, यासाठी जगातील कोणत्याही भाषेत शब्द नव्हता. त्याने दोन मणके स्पिल्सबरी नावाच्या शस्त्रवैद्याकडे दिले. स्पिल्सबरीने स्वतःही एक हाड खणून काढले आणि हा सारा ऐवज कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे रवाना केला. ब्राह्मी लिपी वाचून अशोकाचे शिलालेख बोलके करणारा प्रिन्सेप तो हाच. तो टाकसाळीत नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी. पण त्या काळच्या हिंदुस्थानात जे जे जुने व अनाकलनीय सापडे, ते त्याच्याकडे जाई. दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे त्याला पुढे उलगडली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या हाडांचा उलगडा त्याच्या हयातीत झाला नाही.

हाडे कलकत्त्यात पडून राहिली. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८६२ मध्ये ते मणके संस्थेच्या ताब्यात घेतले. ह्यू फाल्कनर याने ती सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे आहेत असे ओळखले. त्याचे वर्णन मात्र त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. अखेरीस १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर याने त्या हाडांना नाव दिले: टायटनोसॉरस इंडिकस, म्हणजे हिंदुस्थानातील दानवी सरडा. टायटन हे ग्रीक पुराणांतील महाकाय दानव. सापडण्यापासून नाव मिळेपर्यंत एकूणपन्नास वर्षे गेली. आपल्याकडे बारशाला बारा दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर आजी रागावते.

लिडेकरला हे नाव देण्याचे धैर्य कशामुळे झाले? शेपटीच्या मणक्यांच्या घडणीमुळे. या मणक्यांची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आहे आणि मागची गोळ्यासारखी फुगीर; एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत बसावा अशी रचना. इतर मोठ्या शाकाहारी डायनोसॉरांच्या शेपटीत अशी घडण तेव्हा आढळलेली नव्हती. म्हणून हा प्राणी निराळा, असा निष्कर्ष निघाला. तो त्या काळच्या माहितीप्रमाणे रास्तच होता.

ज्या खडकांत ही हाडे मिळाली, त्यांनाही जबलपूरच्याच एका ठिकाणाचे नाव आहे. नर्मदेवरील लमेटा घाटावरून त्यांना लमेटा थर म्हणतात. चुनखडीयुक्त वाळू आणि चिकणमाती यांचे हे थर सुमारे सात कोटी ते सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी साचले. त्यांच्यावर दख्खनच्या ज्वालामुखींचा काळा लाव्हा पसरला. महाराष्ट्रातील ज्या काळ्या कातळावर गडकोट उभे आहेत, त्याच कातळाच्या उत्तरेकडील कडेखाली ही प्राण्यांची दफनभूमी आहे. पुढे १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली याने बडा शिमल्यावर पद्धतशीर खोदकाम केले आणि जर्मनीतील ट्यूबिंगेनचे प्राध्यापक फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांच्यासह १९३३ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मांसाहारी डायनोसॉरांच्याही अनेक जातींची नावे आहेत. त्यांपैकी एकीचे नाव ‘जबलपुरिया’ असे आहे, हे शहरातील फार थोड्यांना माहीत असेल. बडा शिमल्याच्याच आणखी एका प्रचंड शाकाहारी प्राण्याला त्यांनी दिलेले नाव पुढे टिकले नाही. १९९५ मध्ये त्याला भारतीय जीवाश्मशास्त्रज्ञ सोहनलाल जैन यांच्या सन्मानार्थ ‘जैनोसॉरस’ म्हणण्यात आले.

लमेटा थर जबलपुरापुरते नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही ते आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय त्या शहरात आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील हाडे गोळा केली होती. पिसदुऱ्याला हाडांबरोबर प्राण्यांची दगड झालेली विष्ठाही मिळते. वस्तू ओंगळ वाटेल. पण २००५ मध्ये तिच्या सूक्ष्म तपासणीतून गवताच्या पेशींतील सिलिकाकण मिळाले आणि गवत हे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच जगात आले, ही पाठ्यपुस्तकांतील समजूत बदलावी लागली. विदर्भातील एका शेतशिवारातील शेणाच्या दगडाने जगाच्या वनस्पतिशास्त्राला दुरुस्ती सुचविली!

आता या कथेतील दुःखद भाग. ज्या मणक्यांवर ‘टायटनोसॉरस’ हे नाव उभे होते, ते मणकेच विसाव्या शतकात दिसेनासे झाले. ते चोरीला गेल्याची वार्ता नव्हती, फुटल्याची नव्हती. नोंदवहीत ते होते, हाताला लागत नव्हते. प्राणिशास्त्रात ज्या नमुन्यावरून नाव दिले जाते, त्याला आद्य नमुना म्हणतात. नावाबद्दल कोणतीही शंका आली, की अंतिम निवाडा त्या वस्तूकडे पाहूनच करावयाचा असतो. जमिनीच्या भांडणात मूळ सनद हरवावी, तसा हा प्रकार होता. अभ्यासकांना जुनी चित्रे, वर्णने व प्रतिकृती यांवर भागवावे लागे. दरम्यान अर्जेंटिनापासून आफ्रिकेपर्यंत तशाच मणक्यांचे अनेक प्राणी सापडत गेले. वाटी-गोळ्याची जी रचना लिडेकरला अपूर्व वाटली होती, ती एका मोठ्या कुलाची सर्वसामान्य खूण ठरली. एखाद्याची ओळख म्हणून ‘डोक्याला पागोटे’ एवढेच लिहून ठेवावे आणि नंतर साऱ्या गावालाच पागोटे आहे असे आढळावे, तसे झाले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च या दोघा शास्त्रज्ञांनी साऱ्या पुराव्याची छाननी करून टायटनोसॉरस इंडिकस हे नाव संशयास्पद, म्हणजे कोणत्याही एका निश्चित प्राण्याला लावता न येणारे, असे ठरविले.

नाव गेले, कुलनाम मात्र राहिले. दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिनोसॉरस आणि पॅटागोटायटन हे पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी दोन. ते ज्या गटात मोडतात, त्याला जगभर ‘टायटनोसॉर’ असेच म्हणतात. मूळ पुरुषाचे घर उतरले, पण वंशाला नाव त्याचेच चालू आहे. आणि या नातेवाईकांची शाखा महासागरापलीकडे कशी गेली, याचा खुलासा करणारा शब्दही याच मुलखातला आहे. हेन्री मेडलिकॉट याने १८७२ मध्ये मध्य भारतातील खडकांच्या एका समूहासाठी गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हा शब्द योजला. १८८५ मध्ये एदुआर्द झ्यूस याने तो भारत, आफ्रिका इत्यादी भूखंडांना जोडणाऱ्या प्राचीन भूमीसाठी उचलला. दुर्गावतीच्या प्रजेचे नाव अशा रीतीने जगाच्या नकाशाला लागले.

मग २०१२ मध्ये मणका सापडला. धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी कोलकात्यातील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जुन्या संग्रहाची छाननी करीत असताना तेथेच त्यांना तो मिळाला, आणि पुढील वर्षी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात भारताचा पहिला डायनोसॉर पुन्हा गवसल्याचे त्यांनी जाहीर केले. तो कोठे गेलाच नव्हता. स्लीमनला हे हाड शोधण्यासाठी टेकडी चढावी लागली. मोहब्यांना कपाटे उघडावी लागली. यांपैकी दुसरे काम कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही. किंबहुना संग्रहालयातील हरवलेली वस्तू शोधणे हे रानातील वस्तू शोधण्यापेक्षा अवघड असते. कारण ती आहेच, अशी समजूत असल्याने तिला कोणी शोधत नाही.

आता वर्धापनाच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. जबलपूरपुढे निदान तीन तिथी आहेत. सापडण्याचे साल १८२८. नाव मिळण्याचे १८७७, ज्याची सार्धशताब्दी २०२७ मध्ये येते. आणि हरवलेले परत मिळण्याचे २०१२. पहिली तिथी मोठ्या आकड्याची, म्हणून समारंभ तिचाच होईल, हे उघड आहे. तथापि तिच्यात एक वैगुण्य आहे. प्रचलित वृत्तांतांत फक्त साल येते, दिवस येत नाही. आणि योगायोग असा, की त्याच २०२८ मध्ये भारतीय विज्ञानाची दुसरी एक मोठी शताब्दी आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावला. त्याला दिवस आहे, प्रयोगशाळा आहे, १९३० चे नोबेल पारितोषिक आहे. १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळलाही जातो. त्या झळाळीपुढे बडा शिमल्याच्या टेकडीकडे लक्ष जाणे कठीण.

तिथीचा घोळ ही काही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माची त्रिशताब्दी १९२७ मध्ये साजरी झाली, कारण १६२७ हे साल पूर्वापार धरले जात होते. पण लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रकाशात आणली होती आणि तिच्यातील नोंद शके १५५१ ची, म्हणजे १६३० ची होती. एका उत्सवामुळे वाद पुन्हा पेटला, कागद तपासले गेले, विद्वान हिरिरीने लिहू लागले. आणि पुढे महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एखादी तिथी ठरवावयाची म्हणून दप्तरे उघडली जातात, हा वर्धापनांचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग होय. हारतुऱ्यांचे पैसे फुलवाल्याकडे जातात. उघडलेले दप्तर विद्येच्या खात्यावर जमा होते.

जबलपूरच्या बाबतीत उघडण्यासारखी दप्तरे पुष्कळ आहेत. मॅटलीने काढलेली हाडे कोठे कोठे गेली, त्यांतील किती आज हाताला लागतात, बडा शिमल्याच्या कोणत्या उतारावर कोणता थर उघडा आहे आणि तो किती शिल्लक आहे, याची ताजी मोजदाद हे द्विशताब्दीचे खरे काम ठरेल. भेडाघाट-लमेटाघाट परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण संभाव्य यादी म्हणजे निमंत्रणपत्रिका नव्हे, नुसती पाहुण्यांची टिपणवही. भूवारसास्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. कायदा ही पुढची पायरी. तोवर पावसाळ्यात टेकडीच्या उतारावरून वाहून आलेला हाडाचा तुकडा ज्याच्या हाती लागेल त्याने तो खिशात घालावा, की कोणाला दाखवावा, हे त्याच्या त्याच्या संस्कारावर अवलंबून राहणार.

आणि तो मणका. तो कोलकात्यात आहे आणि तेथेच सुरक्षित राहावा, हे उचित. मात्र २०२८ मध्ये काही दिवस तो आपल्या जन्मगावी यावा, निदान त्याची हुबेहूब प्रतिकृती जबलपूरच्या मुलांना हातात धरावयास मिळावी, अशी कोणाची इच्छा असेल, तर त्यासाठी मागणीपत्र, विमा, वाहतूक, पहारा, परवानगी आणि परतीची हमी अशा एकामागून एक फायली हलवाव्या लागतील. १८२८ चे हाड नाव मिळण्यासाठी एकूणपन्नास वर्षे थांबले होते. सरकारी टपालाचा वेग त्यापेक्षा बराच बरा असला, तरी पहिले पत्र आता लिहावयास हरकत नाही.